काऊनचा खडा

सात आठे छप्पन्न. हे आधीच लिहून मोकळी होते, कारण एकदा भर वर्गात मी फळ्यावर सात आठे चोपन्न लिहिलं होतं आणि तिसरी-चौथीच्या सव्वीस पोरांनी ते मुकाट्यानं वहीत उतरवून घेतलं होतं. चूक माझीच. आदल्या दिवसाच्या अहवालांनी डोकं भणभणलं होतं. मधल्या सुट्टीत वह्या तपासायला घेतल्या तेव्हा पहिल्या वहीत चोपन्न, दुसरीत चोपन्न, आणि तिसरी उघडायच्या आतच काय झालं ते मला कळून चुकलं.

सुट्टी संपल्यावर सगळ्यांना उभं केलं.

"पाढे पाठ आहेत ना रे तुमचे?"

"हाव मॅडम!"

"मग सात आठे?"

"छप्पन्न!" असा दणका दिला की बाजूच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले.

"मग वहीत चोपन्न काऊन लिहिलं?"

कुणी छताकडे बघतंय, कुणी अंगठ्यानं जमीन उकरतंय. शेवटी दुसऱ्या रांगेतली अर्चना, चौथीतली, दोन वेण्या घट्ट आवळलेली, खाली मान घालून म्हणाली, "मले माईत होतं मॅडम. पण तुमी लिवलं ना."

मी स्वभावानं तापट. त्या दिवशी आधी पोरांवर तापले, मग घरी जाताना बसमध्ये स्वतःवर तापले. पोरांना येत होतं. येत असून त्यांनी चुकीचं लिहिलं, का, तर मॅडमनं लिहिलं म्हणून. ह्या पोरांपुढे आयुष्यात कितीजण काय काय लिहून ठेवतील, आणि ही उतरवून घेत बसतील. अशा शिकवण्याला काय चाटायचं, असं मनात आलं.

शाळा संग्रामपूर तालुक्यात, वरवट बकालहून चारेक किलोमीटर आत. पहिली ते सातवी, तीन शिक्षक, आणि मुख्याध्यापकाचं पद रिकामं म्हणून त्याचा कारभारही माझ्याच गळ्यात. मी वरवटला खोली करून राहायची. सकाळची बस मला गावात उतरवून तिथूनच वळायची आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला येऊन परत न्यायची. ह्या बसचं मी उगाच सांगत नाही. तिचं काम पुढे आहे.

विचार कर, विचार कर, असं पोरांना हजारदा सांगून काही होत नाही. विचार कशावर करायचा, ते समोर मांडून द्यावं लागतं. मी आधी बुद्धिबळाचा एक संच आणला. आठ दिवसांत दोन्ही वजीर गायब, आणि घोडा असा तिरपा काऊन पळते ह्यावरून रोज भांडणं. शिवाय एका संचावर दोघं खेळणार आणि चोवीस बघणार. मग व्हरांड्याच्या फरशीवर गेरूनं चौकोन आखून नऊ कंकरी सुरू केली. तीन खडे एका रांगेत आणायचे, समोरच्याचा एक उचलायचा. हे जमलं. पण चारच दिवसांत गावात बोभाटा झाला की नव्या मॅडम शाळेत जुगार शिकवून राह्यल्या.

तक्रार घेऊन आले ते अर्चनाचेच आजोबा, श्यामराव. सगळं गाव त्यांना आजा म्हणायचं. ऐंशीच्या घरातला माणूस, हातात काठी, डोक्याला फटका म्हणजे मुंडासं. येताना चांगलेच गरम होते. व्हरांड्यात आले, पोरं काय खेळतात ते वाकून पाहिलं, आणि त्यांचा पारा एकदम उतरला.

"हे होय! हे तं लेकरायचं खेळणं झालं, मॅडम. खेळवाचं असलं तं वाघबकरी खेळवा."

"मला येत नाही," मी म्हटलं.

"मास्तरीण असून येत नाई?" असं म्हणत ते तिथंच फतकल मारून बसले. तरुणपणी ते सातपुड्याच्या पायथ्याला गावची ढोरं चारायला न्यायचे. तिथं सपाट खडकांवर गुराख्यांनी टोकरून ठेवलेले पट असायचे, कुणी कधी टोकरले ते कुणालाच ठाऊक नाही. ढोरं दुपारी सावलीला बसली की हे लोक पटावर. आज्यांनी गेरूचा खडा घेऊन फरशीवर डोंगरासारखा त्रिकोण काढला, त्यात आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि मला पहिला धडा दिला.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तीन वाघ, पंधरा बकऱ्या. आमचे वाघ म्हणजे लाल खापराचे तुकडे आणि बकऱ्या म्हणजे चिंचोके. एकजण वाघांचा, एकजण बकऱ्यांचा. बकरी रेघेवरून एक घर सरकते. वाघही सरकतो, पण बकरीच्या पलीकडचं घर रिकामं असलं तर तो तिच्यावरून उडी मारून तिला खातो. बकरी काही वाघाला खाऊ शकत नाही. तिनं करायचं काय, तर सगळ्याजणींनी मिळून वाघाला असं कोंडायचं की त्याला हलायला घर उरू नये. वाघ ताकदीवर जिंकतो आणि बकऱ्या विचारावर. मला हवं होतं ते हेच.

आज्यांनी एक गोष्ट फार निक्षून सांगितली होती. "एखांदी बकरी देवा लागते, मॅडम. वाघाले आमिष दाखवून कोपऱ्यात आणा लागते. पण फुकट नाई देवाची. बकरी देल्ली तं वाघ कोंडला गेला पायजे. नाई तं ते निस्तं वाघाचं जेवण झालं."

हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं होतं. ते लक्षात असू द्या.

माझी स्वतःची भर एकच, ती म्हणजे काऊनचा खडा. काऊन म्हणजे का. आमच्या वऱ्हाडीतला हा शब्द पुण्याकडचे लोक ऐकले की गालातल्या गालात हसतात. हसोत बापडे. खेळ सुरू होताना दोघांनाही तीन-तीन पांढरे खडे द्यायचे. समोरच्यानं चाल केली आणि ती पटली नाही, तर आपला एक खडा पटावर ठेवायचा आणि म्हणायचं, काऊन? मग त्यानं सांगायलाच पाहिजे की ही चाल का केली आणि पुढे काय होईल असं त्याला वाटतं. "असंच" हे उत्तर चालणार नाही. सांगता आलं नाही तर चाल मागं घ्यायची. खडे तीनच, म्हणून उठसूट विचारायचं नाही, जिथं खरंच गरज आहे तिथं विचारायचं. कुठं विचारावं हे कळणं म्हणजेच निम्मी अक्कल, असं मी पोरांना ऐटीत सांगायची.

पहिला महिना नुसता गोंधळ. पोरं पहिल्या तीन चालींतच तिन्ही खडे संपवून बसायची आणि मग बकऱ्या पटापट मरताना हात चोळायची. हळूहळू खडे मुठीत राहू लागले. चाल करायच्या आधी ओठ हलू लागले. एका पोरानं हा खेळ घरी नेला. आईनं पाणी आण म्हटलं तर तिच्यापुढं खडा ठेवून म्हणाला, काऊन? तिनं एक ठेवून दिली आणि दुसऱ्या दिवशी ती माऊली माझ्यापुढं हजर. "काय शिकवून राह्यल्या वं मॅडम? पाणी मांगतलं तं काऊन म्हंते!" मी तिला चहा पाजला. आईच्या पाण्याला काऊन नाही, असा एक नियम दुसऱ्या दिवशी वाढवला.

एकदा केंद्रप्रमुख साहेब अचानक आले. व्हरांड्यात सगळी पोरं पालथी. "हा कोणत्या विषयाचा तास?" मी म्हटलं, भूमिती. टाचणवहीत तसंच लिहिलेलं होतं, त्रिकोण आणि छेदणाऱ्या रेषा. साहेबांना हसू आवरेना. मग तेही बसले अर्चनासमोर, वाघ घेऊन. तेव्हा ती पाचवीत होती. साहेबांनी वाघ हलवला, तिनं शांतपणे खडा ठेवला. "काऊन, साहेब?"

"काऊन म्हणजे? मी साहेब आहे!" ते गमतीनं म्हणाले.

"ते उत्तर नाई झालं. चाल मांगं घ्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि चाल मागं घेतली. पुढच्या दहा मिनिटांत त्यांचे तिन्ही वाघ कोंडले गेले. माणूस दिलदार, स्वतः टाळ्या वाजवल्या. बसनं परतताना मी खिडकीत बसून एकटीच हसत होते. वर्षापूर्वी फळ्यावरचं चोपन्न उतरवून घेणारी पोरगी ती हीच, ह्याचा मला फार अभिमान वाटला होता.

आता खरं सांगायचं ते. इतके दिवस हे मी कुठंही लिहिलं नाही. लिहिलं ते उलटंच, आणि त्याचीच लाज वाटते.

अर्चना सातवी पास झाली. आमची शाळा सातवीपर्यंतच, पुढे आठवीला वरवटला हायस्कूल. आदल्या हिवाळ्यात आजे वारले होते. घरी वडील प्रल्हादभाऊ, आई, अर्चना आणि तिच्याहून दोन वर्षांनी लहान संगीता. विहिरीच्या पाण्यावर वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि वरवटच्या बाजारात न्यायची, हे त्यांचं काम. जूनमध्ये कळलं की अर्चनाचं नाव हायस्कूलला घातलेलं नाही. मी शाळा सुटल्यावर तडक त्यांच्या घरी गेले. डोक्यात भाषण तयार होतं. कोण मला अडवतं ते बघते, असा आवेश.

प्रल्हादभाऊंनी खाट टाकली, वर सतरंजी अंथरली. शेजारची दोन-चार माणसंही येऊन टेकली. खेड्यात मॅडम घरी आल्या म्हणजे बातमीच असते.

"तिच्या मायच्या कंबराचा त्रास हाय, मॅडम," ते मान खाली घालून म्हणाले. "पहाटी तोडणीले हात लागते. दोघीले धाडनं नाई होत."

मी तोंड उघडणार तोच अर्चना दारातून पुढं आली. हातात माझ्यासाठी पाण्याचा तांब्या. उभ्या उभ्या, पटावर बोलायची तशी बोलली.

"मी सांगतो मॅडम. दोघीबी शिकल्या तं घरचं अडते. दोघीबी घरी राह्यल्या तं दोघी गेल्या. मी मोठी, मले काम येते. मी घरी राह्यली तं संगीता शिकते. आज्यानं सांगतलं होतं ना, एक बकरी देवा लागते."

मी काय करायला हवं होतं? त्या पोरीपुढं एक खडा ठेवायला हवा होता. तिच्या बापापुढं दुसरा. अन् मी केलं काय? माझा ऊर भरून आला. बारा-तेरा वर्षांची पोर, काय मांडणी, काय तर्क, आणि सगळा माझ्या खेळातून आलेला! माझ्या तोंडून निघालं, "शाब्बास."

शाब्बास म्हणाले हो मी! तिच्या पाठीवर हात ठेवला. चहा प्यायले. प्रल्हादभाऊंना म्हणाले, तुमची पोरगी फार विचारी आहे. ते नुसते हं म्हणाले. मग मी उठले आणि संध्याकाळची बस पकडली.

त्याच आठवड्यात सातवी पास झालेल्या सगळ्यांचे शाळा सोडल्याचे दाखले लिहिले. अकरा मुलं, अकरा दाखले, माझ्याच अक्षरात. तो एक ठरलेला नमुना असतो, हात आपोआप चालतो. पुढे वर्षभरात माझी बदली झाली, लोणार तालुक्यात बीबीकडे. तिथं नवी शाळा, नवी पोरं, नव्या फरशा. वाघबकरी मी तिथंही नेली. शिक्षकांच्या प्रशिक्षणात मला बोलवायला लागले. "खेळातून विचारशक्ती" असा विषय असायचा. दर वेळी शेवटी मी अर्चनाची गोष्ट सांगायची. एका लहान मुलीनं पटावरचा विचार जगण्यात कसा वापरला, स्वतः मागं राहून बहिणीला कसं पुढं काढलं. ऐकणाऱ्या शिक्षिका डोळे पुसायच्या. मी पण पुसायची. एकीनंही विचारलं नाही, मॅडम, मग त्या बहिणीचं पुढं काय झालं? आणि मला तरी कुठं माहीत होतं.

निवृत्त होऊन मी माझ्या गावी, डोणगावला आले. घरी बसून करमेना. आमच्या विहाराच्या सभागृहात रविवारी सकाळी वंदना झाली की जागा मोकळीच असते. तिथं पट मांडायला लागले. सगळ्या समाजाची पोरं येतात, पंधरा-वीस जमतात. मागच्या वर्षी दिवाळीनंतर एक नवी पोरगी आली, चौथीतली, धीट. मी नियम सांगायच्या आतच तिनं अंगणातून तीन पांढरे खडे वेचून आणले आणि आपल्यापुढं मांडले.

"हे काय?" मी विचारलं.

"काऊनचे खडे. त्याच्याबिगर कसं खेळतेत?"

हा खेळ गावोगाव आहे, पण हे खडे माझे आहेत. "कुणी शिकवलं तुला?"

"मम्मीनं."

पुढच्या रविवारी मम्मी स्वतः आली. दोन वेण्यांच्या जागी आता अंबाडा. डोणगावातच तिचं सासर, नवऱ्याचं भाजीचं दुकान, आणि मी गावात आले हे तिला वर्षभर ठाऊक होतं. आली, पाया पडली, भिंतीला टेकून बसली. पोरं खेळत होती ते डोळे भरून पाहिलं. मी आनंदानं वेडी व्हायची बाकी. हिला कुठं ठेवू न् कुठं नको असं झालं. आणि माझी ही जीभ! मी विचारलं, "संगीता काय करते गं आता? नोकरीला असेल ना?"

समोरच्या पटावर खेळ संपलेला होता. अर्चनानं तिथला एक पांढरा खडा उचलला आणि माझ्यापुढं फरशीवर ठेवला.

"काऊन, मॅडम?"

"काय काऊन?"

"त्या दिशी शाब्बास काऊन म्हटलं?"

मला तो दिवस आठवायला वेळ लागला नाही. मी म्हटलं, "तू इतकं नीट मांडलंस अर्चना, मला वाटलं..."

"म्या कच्चं मांडलं होतं, मॅडम." तिचा आवाज चढला नव्हता. "आज्यानं काय सांगतलं होतं? बकरी देल्ली तं वाघ कोंडला गेला पायजे. माह्या घरी राहण्यानं कोणता वाघ कोंडला? मले वाटलं तुमी इचारसान. तुमीच तं तसं शिकवलं होतं. म्या वाट पाह्यली. तुमी चहा पेल्या अन् गेल्या."

मग तिनं सांगितलं ते ऐका. आईची कंबर दुखायची हे खरं. पण अडचण ती नव्हती. अडचण होती रस्त्याची. त्या साली हायस्कूलला जाणारी गावातली ती एकटीच पोरगी. आजा असता तर काठी टेकत तिच्यासोबत गेला असता, तसं तो तिला कबूलही करून बसला होता. आजा गेला. चार किलोमीटर एकटी पोर कशी धाडावी, ही प्रल्हादभाऊंची धास्ती. पण ती चार माणसांत, मॅडमपुढं, कोणता बाप बोलून दाखवेल? त्यांनी कंबर पुढं केली. मग दोन वर्षांनी संगीताची पाळी आली. तीही एकटीच. एक वर्ष कशीबशी गेली, मग तीही घरी बसली. वाघ जिथल्या तिथं होता, त्यानं दुसरी बकरीही नेली.

"अन् बस होती ना!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"हाव," ती म्हणाली. "तुमची बस."

ज्या बसमधून मी रोज सकाळी दहाला उतरायची, ती तिथूनच वळून रिकामी वरवटला जायची. हायस्कूल साडेदहाचं. संध्याकाळी मला न्यायला जी बस यायची ती हायस्कूल सुटल्यावरच वरवटहून निघायची. कंडक्टर मला नावानं ओळखायचे. मी दारात उभी राहून रोज एका पोरीला चढवली असती आणि संध्याकाळी एकीला उतरवून घेतली असती, झालं असतं. प्रल्हादभाऊंना पासाचे पैसेही पडले नसते, पोरींना तो फुकटच मिळायचा. त्यांना सुचलं नाही, कारण बस मॅडमची, असं गावाच्या डोक्यात बसलं होतं. मला सुचलं नाही, कारण मी विचारलंच नाही. मी स्वतः शिकले कशी? माझ्या बापानं दिवसभर मोलमजुरी करून मला तीन वर्षं सायकलवर डबलसीट हायस्कूलला नेलं-आणलं. पोरीसाठी रस्ता काय असतो हे ह्या डोणगावात कुणाला कळायला हवं होतं, तर मला.

रडू आलं. विहारात, पोरांसमोर, म्हातारी बाई मी, ढसाढसा रडले. नियमानं चाल मागं घ्यायला हवी होती, पण सतरा-अठरा वर्षं कुठून मागं घेणार? मी एवढंच म्हणू शकले, "चुकलं माझं, अर्चना."

"मले तवाबी माईत होतं मॅडम, की हे चुकून राह्यलं," ती म्हणाली. "पण तुमी शाब्बास म्हटलं ना."

हे शब्द मी एकदा ऐकले होते. चौथीच्या वर्गात, खाली मान घातलेल्या त्याच पोरीकडून. चार वर्षं मी पटावर जे पुसायला धडपडले, ते मीच एका शब्दानं तिच्या मनावर पुन्हा लिहून आले होते.

तिनं पिशवीतून प्लास्टिकची एक घडी काढली. आत शाळा सोडल्याचा दाखला, घडीवर विरलेला. "सतरा नंबरचा फॉर्म भरून राह्यली मी. दहावीचा." शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा तो अर्ज. त्याला मूळ दाखला लागतो. "मालक हो म्हणे. सासूबाई म्हणे, आता काऊन? पोरगी शिकून राह्यली ना, पुरे. तं म्या त्याईले हे दाखवलं. पाहा, काय लिवलं हाय."

मी चष्मा लावला. माझंच अक्षर, तेव्हाचं ठसठशीत. शाळा सोडण्याचं कारण, ह्या रकान्यात मी लिहिलं होतं, "पुढील शिक्षणासाठी". अकराही दाखल्यांवर तेच लिहिलं होतं, हात चालतो तसं. चहा पिऊन आल्यावर, ती घरी बसणार हे स्वतः ऐकून आल्यावर, त्याच आठवड्यात. सरकारी कागद सुद्धा मला काऊन विचारत होता आणि मी त्यालाही न बघता उत्तर दिलं होतं.

"खोटं लिहिलं गं मी," मी म्हटलं.

"राहू द्या. म्या इतके वर्ष सांभाळून ठेवलं. कोनी काऊन म्हटलं तं दाखवाले कामी पडते." कागद तिनं पुन्हा घडीत घातला. "संगीताले म्हटलं तूबी भर. ते नाई म्हंते. तिचं मन उडालं." मग म्हणाली, "गणित तुमी घ्याल का माह्यं?"

आता आमचा वर्ग असतो. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दुकान थंड असतं तेव्हा ती माझ्या घरी येते. पोरगीही येते, कोपऱ्यात चित्रं काढत बसते. भिंतीला एक फळा लावून घेतला आहे. संगीताकडे मी दोनदा जाऊन आले. तिच्यापुढं तीन-तीन खडे ठेवले. ती हसते, चहा करते, आणि विषय बदलते. तिथं मी हरले आहे आणि ते मला कबूल आहे. प्रशिक्षणाला बोलावणं आलं तर आता जाते, पण गोष्ट पूर्ण सांगते. ऐकणारे डोळे पुसत नाहीत, खाली बघतात.

पहिल्याच मंगळवारी मी फळ्यावर पाढे मांडले. सात एके सात, सात दुणे चौदा, असं उतरत उतरत सात आठेपाशी आले. खडू थांबला. मग मी लिहिलं, चोपन्न. मुद्दाम लिहिलं. पाठ तिच्याकडे, कान मागं. तिची लेक चित्र काढत होती. अर्चनाचं पेन वहीत चालल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

अर्चना उठली. काऊन विचारलं नाही, परवानगी मागितली नाही. माझ्या बाजूनं पुढं आली, पदराच्या टोकानं चोपन्न पुसलं, माझ्या हातातला खडू घेतला आणि छप्पन्न लिहून आपल्या जागेवर जाऊन बसली.

"हं," ती म्हणाली, "पुढं चला, मॅडम."